आपल्याच रक्ताचं ठिगळ

मुलांनो, तुमच्या गुडघ्यावर किंवा कोपरावर या घडीला एखादी खपली आहे का? जरा बघा बरं! असली तर निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी ती नखानं उचकटू नका. आजची गोष्ट त्या खपलीचीच आहे. फरक एवढाच, की ही खपली गुडघ्यावरची नाही, तोंडातली आहे.

माझा एक भाचा कोल्हापूरला शिवाजी पेठेत राहतो. वय वर्षे १९. गेल्या वर्षी त्याचा खालचा जबडा उजव्या बाजूनं दुखू लागला. अक्कलदाढ येत होती! ही दाढ साधारण १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येते. त्या वयात माणसाला अक्कल येते असं आपल्या पूर्वजांना का वाटलं, कोण जाणे. बहुतेकांच्या जबड्यात तोवर जागाच उरलेली नसते. मग ही उशिरा आलेली पाहुणी आडवी-तिरकी होऊन शेजारणीला ढुशा देत बसते. भाच्याच्या दाढेचं नेमकं तसंच झालं होतं. ती काढावी लागली.

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, "चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम काही खायचं नाही." पण ऐकेल तर तो माझा भाचा कसला! त्याच संध्याकाळी त्यानं तोंड 'स्वच्छ' करायला खळखळून चुळा भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी मित्रांबरोबर कटाची मिसळ हाणली. तिसऱ्या रात्री मला सांगलीला फोन आला, "मामा, लई ठणकतंय ओ. पार कानापर्यंत कळ जातीया."

झालं होतं काय? दात काढला की जबड्याच्या हाडात एक खड्डा उरतो. त्यात रक्त भरतं आणि पाच-दहा मिनिटांत थिजतं. ही जी रक्ताची गुठळी असते ना, ती म्हणजे त्या खड्ड्याचं झाकण आणि खपली, दोन्ही. तिच्या आडोशाला आत नवी कातडी, नवं हाड तयार व्हायला लागतं. गुठळी निसटली की खालचं हाड उघडं पडतं. त्यावर वारा, पाणी, अन्न लागलं की जी कळ उठते, ती सोसलेल्यालाच ठाऊक. दंतवैद्य याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात, म्हणजे कोरडा पडलेला खड्डा. साधा दात काढल्यावर शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या वाट्याला हे येतं. खालच्या अक्कलदाढेनंतर हे प्रमाण बरंच जास्त असतं. आणि हे दुखणं लगेच सुरू होत नाही. दोन-तीन दिवस बरं वाटतं, मग उठतं!

भाच्याचं ते दुखणं औषधाच्या पट्ट्या खड्ड्यात भरून आठवड्याभरात उतरलं. पण चार महिन्यांनी डाव्या बाजूची दाढ दुखायला लागली, तेव्हा पठ्ठ्याची गाळण उडाली. या खेपेला तो दुसऱ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला, आधीची हकिगत ऐकली आणि म्हणाल्या, "दाढ काढण्याआधी तुझ्या हातातून थोडं रक्त काढू. तेच परत तुझ्या जबड्यात भरू."

पुन्हा मला फोन! "मामा, हे काय नवीन? दाढ तोंडात हाय आणि सुई हातात टोचणार म्हणत्यात!"

खरं सांगतो, मलाही नवल वाटलं. मी सरळ कोल्हापूरची एस.टी. धरली आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसलो. जे पाहिलं ते सांगतोच, पण आधी रक्तातल्या एका चिमुकल्या प्राण्याची ओळख करून घेऊ या. तसा तो प्राणी नव्हे, पेशीचा तुकडा आहे.

पावसाळ्यात घरात कुणाला डेंग्यू झाला की मोठी माणसं एकमेकांना विचारतात, "प्लेटलेट्स किती आल्या?" त्याच या प्लेटलेट्स. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात त्यांना रक्तबिंबिका किंवा रक्तपट्टिका म्हटलेलं असेल. हाडांच्या आतल्या मगजात मेगॅकॅरिओसाइट नावाच्या भल्यामोठ्या पेशी असतात. त्यांचेच तुकडे पडून प्लेटलेट्स तयार होतात. एक प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरवर तीन-चारशे सहज बसतील एवढी. तिला केंद्रक नसतं, आणि आयुष्य जेमतेम आठ ते दहा दिवसांचं.

लहान असल्या तरी त्यांची संख्या पाहा. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी रक्तात, दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. आपण अडीच लाख धरू. मग दहा मिलिलिटरच्या एका नळीत किती झाल्या? करा गणित. अडीचशे कोटी! भारताची लोकसंख्या एका नळीत मावून वर आणखी जागा उरेल.

या एरवी रक्तातून गपगुमान तरंगत जातात. पण रक्तवाहिनी फाटली की चित्र पालटतं. भोकाशी आलेली प्लेटलेट तिथं चिकटते, तिला हात फुटल्यासारखे काटे फुटतात, आणि ती अशी काही रसायनं सोडते की शेजारून जाणाऱ्या इतर प्लेटलेट्सही धावत येऊन तिला चिकटतात. एकीकडे रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे बनू लागतात. त्या धाग्यांना फायब्रिन म्हणतात. रंकाळ्यात कोळ्यानं जाळं टाकावं तसं हे फायब्रिनचं जाळं पडतं. त्यात तांबड्या पेशी अडकतात, आणि झाली गुठळी तयार.

हे भोक बुजवण्याचं काम इटलीतल्या तुरीन शहरातल्या जुलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञानं १८८२ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला इजा केली की या चकत्या तिथं गोळा होतात, हे त्याच्या नजरेनं टिपलं. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं सगळ्यांची समजूत हीच, की प्लेटलेट म्हणजे गळती बंद करणारा गवंडी. भोक बुजलं, काम संपलं.

मग १९७४ मध्ये अमेरिकेत सिअॅटल इथं रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गंमत आढळली. ते माकडाच्या रक्तवाहिनीतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवत होते. गोठलेल्या रक्तावरचं पाणी घातलं की पेशी भराभरा वाढत. पण प्लेटलेट्स आधीच काढून टाकलेल्या रक्ताचं पाणी घातलं की ढिम्म! त्यात प्लेटलेट्सचा अर्क मिसळला की पुन्हा वाढ सुरू. म्हणजे प्लेटलेट नुसती गवंडी नाही तर! तिच्या पोटातल्या चिमुकल्या पिशव्यांमध्ये संदेश भरलेले असतात. 'या, इथं जखम आहे, वाढा, नव्या रक्तवाहिन्या काढा', असे आजूबाजूच्या पेशींना सांगणारे. त्यांना वाढीचे घटक म्हणतात.

आता दंतवैद्यांच्या डोक्यात काय आलं असेल, ते तुम्हीच ओळखा. खड्ड्यात जी गुठळी आपोआप बनते, तिच्यात बहुतेक भरणा तांबड्या पेशींचा असतो. त्या बिचाऱ्या प्राणवायू वाहून नेणाऱ्या, डागडुजीत त्यांचा काय उपयोग? त्या बाजूला काढल्या आणि प्लेटलेट्स एकवटून खड्ड्यात भरल्या तर?

पहिली पद्धत निघाली ती भारी खटपटीची होती. १९९८ मध्ये अमेरिकेतले शल्यवैद्य रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडाची भर घालताना अशा एकवटलेल्या प्लेटलेट्स वापरल्याचे निकाल छापले. पण त्यासाठी पिशवीभर रक्त घ्यावं लागे, ते गोठू नये म्हणून औषध घालावं लागे, आणि शेवटी परत गोठावं म्हणून आणखी एक औषध, तेही गाईच्या रक्तातून काढलेलं! २००१ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून आणि त्यांच्या सोबत्यांनी सगळं सोपं करून टाकलं. औषध नको, काही नको. रक्त घ्या, लगेच फिरवा, आणि फिरता फिरताच गोठू द्या. या पद्धतीचं नाव पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट रिच फायब्रिन. प्लेटलेट्सनी गच्च भरलेलं फायब्रिनचं जाळं.

भाच्याच्या वेळी मी पाहिलं ते हेच. नर्सताईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधून चार नळ्या रक्त घेतलं, आणि त्या नळ्या घेऊन अक्षरशः पळाल्या. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "यात गोठू नये म्हणून काही घातलेलं नाही. मिनिट-दोन मिनिटांत यंत्रात गेलं नाही तर नळीतच गुठळी, आणि सगळं पहिल्यापासून."

ते यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज. मिक्सरपेक्षा थोडं मोठं, वर झाकण, आत गोल चक्र आणि नळ्यांसाठी खाचा. नळ्या नेहमी समोरासमोर ठेवायच्या. एकच असली तर समोर तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी लावायची. नाहीतर यंत्र असं थडथडतं की टेबलावरून उडी मारायचं!

कोल्हापूरकरांना हे यंत्र समजावून सांगायची खरं तर गरज नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्यांना दुधावर साय येते हे ठाऊकच आहे. हलकी चरबी वर येते, जड दूध खाली राहतं, पण त्याला रात्र जाते. दूध संघात तेच काम फिरत्या यंत्रात झटक्यात होतं. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ मध्ये असं एकसारखं चालणारं यंत्र बनवलं. साखर कारखान्यातही चाळणीचं पिंप गरगरा फिरवून मळी बाहेर फेकतात आणि साखर आत ठेवतात. आपल्या वारणा खोऱ्यात तर दूध संघ आहे, साखर कारखाना आहे आणि नवे पारगावला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं दंत महाविद्यालयही आहे. लोणी, साखर आणि दातांचे डॉक्टर एकाच खोऱ्यात तयार होतात म्हणा ना!

गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात एस.टी. वळली की तुम्ही खिडकीकडे कसे ढकलले जाता? तसंच नळीतल्या रक्ताचं होतं. मिनिटाला साधारण २७०० ते ३००० फेरे, आणि ते दहा-बारा मिनिटं. जड तांबड्या पेशी नळीच्या तळाशी ढकलल्या जातात. हलकं, गवती पिवळ्या रंगाचं पाणी वर राहतं. आणि मधोमध? तिथं फायब्रिनचं जाळं विणलं जातं आणि प्लेटलेट्स त्यात अडकतात.

यंत्र थांबलं. नर्सताईंनी चिमट्यानं नळीतून एक पिवळसर, लिबलिबीत, ताडगोळ्यासारखा तुकडा उचलला. खाली त्याला तांबडं शेपूट होतं. ते कात्रीनं कापलं, पण थोडा लाल भाग मुद्दाम ठेवला. कारण सगळ्यात जास्त प्लेटलेट्स त्या पिवळ्या-लाल सीमेलाच जमतात. मग काही तुकडे एका भोकाच्या तबकडीवर ठेवून वर हलकं वजन ठेवलं. पाणी निथळलं आणि उरला पातळ पापुद्रा. घावन म्हणा हवं तर! चिमट्यानं ताणला तरी फाटेना.

एवढ्यात भूल दिलेली दाढ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन तुकडे खड्ड्यात बसवले, वर पापुद्रा पसरला आणि हिरडीला टाके घातले. रक्त भाच्याचंच, त्यामुळं दुसऱ्याच्या रक्तातून रोग येण्याची भीती नाही. मात्र नळ्या आणि सुया कोऱ्या, निर्जंतुक हव्यातच. त्या जाळ्यातून वाढीचे घटक किमान आठवडाभर हळूहळू झिरपत राहतात, हा त्यातला मोठा फायदा.

मग काय झालं? चौथ्या दिवशी भाच्याचा फोन. "मामा, नाद खुळा! कायबी दुखत नाही. जादूच हाय ही!"

आता इथं थांबा. तुम्हीही 'जादूच' म्हणालात का? मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी त्याला विचारलं, "या खेपेला चुळा भरल्यास?" नाही. "मिसळ?" "छे, आईनं चार दिवस गार पेज आणि दूधभातावर ठेवलं." दूध कोल्ड्रिंकसुद्धा त्यानं स्ट्रॉ न लावता चमच्यानं खाल्लं. स्ट्रॉनं ओढलं की तोंडात पोकळी होते आणि गुठळी उचकटू शकते ना, म्हणून. डॉक्टर वेगळ्या, दाढ वेगळी, आणि मुख्य म्हणजे भाचा शहाणा झालेला. मग गुण कशाचा? पीआरएफचा, की आईच्या गार पेजेचा?

एका माणसाच्या गोष्टीवरून हे कधीच कळत नाही. म्हणून दंतवैद्यांनी एक नामी युक्ती काढली आहे. ज्यांच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा सारख्याच आडव्या आहेत अशी माणसं घ्यायची. एका बाजूला पीआरएफ भरायचं, दुसऱ्या बाजूला नाही. कुठली बाजू, ते डॉक्टरांनी ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचं. तोंड तेच, जेवण तेच, खोड्याही त्याच! फरक पडला तर तो पीआरएफमुळंच असण्याची शक्यता जास्त. पुढं दुखणं-सूज मोजणाऱ्यालाही कुठली बाजू कुठली ते सांगायचं नाही, म्हणजे त्याच्या मनाचा कल मापात उतरत नाही.

अशा चाचण्या भारतासह अनेक देशांत झाल्या. त्यांचे निकाल सगळे एका सुरात नाहीत. पण एकत्र पाहिले तर खालच्या अक्कलदाढेनंतर पीआरएफमुळं कोरड्या खड्ड्याचा त्रास कमी जणांना होतो, पहिल्या काही दिवसांतलं दुखणंही कमी राहतं आणि हिरडी लवकर सांधते, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं. हाड लवकर भरतं का? तिथं अजून एकमत नाही. दात काढल्यावर खड्ड्यात हाड भरून यायला काही महिने जातात, आणि ती वाट पीआरएफ किती जवळची करतं याचं उत्तर चाचण्यांगणिक बदलतं. तेव्हा कुणी दवाखान्याच्या पाटीवर 'आठ दिवसांत नवे हाड' असं लिहिलं असेल, तर आई-बाबांनी खुशाल चार प्रश्न विचारावेत. साधा हलता दात काढायला तर याची गरजच नसते.

काही जणांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न नुसत्या चार दिवसांच्या दुखण्याचा नसतो. तुमच्या शाळेत एखादं मूल दुभंगलेल्या ओठा-टाळूचं असेल. ओठ-टाळूची शस्त्रक्रिया लहानपणीच होते, पण कित्येकदा वरच्या जबड्याच्या हाडात फट तशीच राहते. सुळा उगवायला तिथं हाडच नसतं! म्हणून साधारण आठ ते अकरा वर्षांच्या वयात, सुळा खाली यायच्या आधी, त्याच मुलाच्या कमरेच्या हाडाचा चुरा घेऊन ती फट भरतात. हा चुरा हलू नये म्हणून काही शल्यवैद्य त्यात पीआरएफ कालवतात, आणि वर तोच पापुद्रा पांघरतात. हाडाची भर त्यानं नक्की वाढते का, याची तपासणी इथंही चालूच आहे. पण तिसरी-चौथीतल्या मुलाचा सुळा ठरल्या जागी उगवणं म्हणजे काय, ते त्याच्या आईला विचारा.

आणि हो, घरातल्या मोठ्यांसाठी दोन गोष्टी. आजोबा हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेत असतील तर ते दंतवैद्यांना आधी सांगा. ही गोळी प्लेटलेटला तिच्या उरलेल्या आयुष्यभर लुळी करते. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, ते डॉक्टरच ठरवतील. दुसरी गोष्ट आजीच्या मिश्रीची. तंबाखूनं हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. नळीभर प्लेटलेट्स भरल्या आणि तासाभरात वर मिश्री लावली, तर ती मेहनत पाण्यात गेलीच म्हणून समजा.

आठव्या दिवशी भाच्याचे टाके काढले. डॉक्टरीणबाईंनी त्याला आरसा दाखवला. हिरडी गुलाबी, खड्डा बराचसा मिटलेला. मी त्याला ती चिठ्ठी टाकायची युक्ती सगळी समजावून सांगितली, आणि म्हटलं, "तेव्हा जादू म्हणू नकोस."

गडी थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "मामा, वरच्या दोन दाढा अजून राहिल्यात की. त्या काढायची पाळी आली तर चिठ्ठ्या मी लिहून आणू काय?"